हात की थ्रॉटल?

मंडळी, गेले दोन शनिवार हे पान कोरडं राहिलं, कारण मी ओल्यात होतो. शाहूवाडीला बहिणीकडे गेलो होतो. जुलैचा पाऊस, आंबा घाटाकडून येणारं धुकं, तीन-तीन दिवस न वाळणारे कपडे. अशा हवेत आमचा भाचा रोज संध्याकाळी कोल्हापूरच्या विमानतळावर विमान उतरवत होता. म्हणजे कॉम्प्युटरवर हो!

पोरगं बारावीला आहे आणि पायलट व्हायचंय. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला, हे मला त्याच्याकडूनच कळलं. जवळ जुना कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक आणि एक सेकंडहँड थ्रॉटल. पण यंदा त्याचा सूर पडलेला.

"मामा, मला काय जमायचं न्हाई बघा. रनवे जवळ आला की स्पीड धरताच येत न्हाई. हात थरथरतोय माझा."

मी शेजारी बसून बघितलं. हात अगदी स्थिर होता. पण पडद्यावरचा इंजिनाचा काटा मात्र उड्या मारत होता! पोरगं सहा महिने स्वतःला नालायक समजत होतं, आणि थरथरत होतं ते यंत्र. (आपल्या कोडमध्ये बग नाही, कंपायलरमध्ये आहे, असं नेहमी म्हणणारे आपण! इथे एकदा ते खरंच निघालं.)

आता थोडा इतिहास. त्याशिवाय शनिवार सार्थकी लागत नाही.

सिम्युलेटर हा प्रकार मुळात चुका स्वस्त करण्यासाठी जन्माला आला. अमेरिकेत एड लिंक नावाच्या माणसाने १९२९ साली पहिला 'लिंक ट्रेनर' बनवला. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. तिथलेच हवेचे भाते वापरून त्याने एक खोटं विमान डोलवलं. सुरुवातीला त्याच्याकडे खेळणं म्हणूनच बघितलं गेलं. पुढे १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहून न्यायचं काम आलं आणि खराब हवेत एकामागून एक वैमानिक गेले, तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या डब्यात बसून शिकले.

घरच्या कॉम्प्युटरवर हे आलं १९८० च्या आसपास. ब्रूस आर्टविकचा प्रोग्रॅम आधी ॲपल-२ वर आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. जॉयस्टिक लावायला आयबीएमने १९८१ च्या पहिल्या पीसीबरोबरच एक वेगळं कार्ड दिलं होतं. ते कसं चालायचं हे वाचून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. दांडीची जागा मोजायला त्यात मोजपट्टीच नव्हती! दांडी हलली की आतल्या पोटेन्शियोमीटरचा रोध शून्य ते एक लाख ओहमच्या दरम्यान बदलायचा. त्या रोधातून एक कपॅसिटर भरायचा. तो भरायला किती वेळ लागला, तेवढ्यावरून प्रोग्रॅमने दांडी कुठे आहे ते ओळखायचं. पूर्ण रोधाला सुमारे १.१ मिलिसेकंद. तेवढा वेळ प्रोसेसर बिचारा एक, दोन, तीन करत आकडे मोजत बसायचा.

याचा परिणाम काय? प्रोसेसर वेगवान झाला की तीच दांडी मोठा आकडा द्यायची. म्हणून प्रत्येक गेमच्या सुरुवातीला 'दांडी वर डाव्या कोपऱ्यात न्या आणि बटण दाबा' हे कर्मकांड. काही कार्डांवर तर वेग जुळवायला चक्क एक चकती असायची.

यूएसबी आल्यावर हे सगळं गेलं. आता थ्रॉटलच्या आतच एक छोटी चिप असते. ती व्होल्टेज मोजते आणि तयार आकडा पाठवते, उदाहरणार्थ ० ते १०२३. चिप सुधारली, वायर सुधारली, पण बऱ्याच स्वस्त थ्रॉटलमध्ये पोटेन्शियोमीटर मात्र तोच राहिला! कार्बनची घोड्याच्या नालेसारखी पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची पत्ती. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची ना, तोच आजार. कार्बनची भुकटी, धूळ, त्यात शाहूवाडीचा दमट पाऊस. पत्तीचा स्पर्श क्षणभर सुटला की आकडा उडी मारतो.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कोड लिहिला. शेवटच्या काही आकड्यांची सरासरी काढायची, म्हणजे उड्या सपाट. काटा शांत झाला, मी खूश. पण भाचा म्हणाला, "मामा, आता थ्रॉटल उशिरा ऐकतोय." बरोबरच होतं. सरासरी म्हणजे थोडं भूतकाळात जगणं. दांडी पुढे केली की इंजिन उशिरा उठायचं, पोरगं आणखी पुढे ढकलायचं, आणि मग वेग जास्त. एक आजार झाकायला मी दुसरा दिला होता.

शेवटी खोललं. कार्बनची पट्टी सगळीकडे सारखी झिजली नव्हती. मधल्या एका टप्प्यात तिच्यावर चकचकीत चर पडली होती. दांडी तिथे ठेवून बघितली, तर विमान उतरवताना इंजिनाला लागते तीच ताकद! हजार वेळा त्याने तोच सराव केला होता, म्हणून पट्टी नेमकी तिथेच संपली होती. म्हणजे जितका सराव जास्त तितकं यंत्र त्याला जास्त खोटं पाडत होतं. हे बघून मला खरंच गलबललं.

कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने दोन दिवस बरं वाटलं, पण झिजलेला कार्बन फवाऱ्याने परत येत नाही. मग कोल्हापुरात जाऊन नवा पोटेन्शियोमीटर आणला आणि तिथे फसलो. दुकानदाराने दिला रेडिओच्या आवाजाचा. आपले कान ज्या हिशेबाने ऐकतात त्या हिशेबाने तो वळतो, सरळ रेषेत नाही. निम्मी दांडी पुढे केली तरी इंजिन झोपलेलं, आणि नंतर एकदम बोंब. दुसऱ्या खेपेला अंगावर 'बी' लिहिलेला, सरळ चालीचा १० किलोओहमचा आणला. तो बसला.

न घासणारा मार्गही आहे. एडविन हॉल या विद्यार्थ्याने १८७९ साली दाखवलं, की वीज वाहत असलेल्या पातळ सोन्याच्या पत्र्याजवळ चुंबक आणला की पत्र्याच्या आडव्या कडांमध्ये व्होल्टेज तयार होतं. त्यावरचे सेन्सर आता अनेक थ्रॉटलमध्ये असतात. कशाला स्पर्शच नाही, मग झीज कुठली?

आणि खऱ्या विमानात? एअरबस ए-३२० मध्ये इंजिनाच्या कॉम्प्युटरला दोन चॅनेल असतात, आणि लिव्हरची जागा सांगायला प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र रिझॉल्व्हर असतो. दोघांचं पटलं नाही की वैमानिकाला इशारा मिळतो. सेन्सर कधीतरी खोटं बोलणार हे तिथे आधीच धरून चाललेलं असतं, म्हणून दुसरा साक्षीदार ठेवतात. शिवाय ऑटोथ्रस्ट चालू असताना या विमानाची लिव्हर हलतच नाही. इंजिन काय करतंय ते काट्यावर आणि वेगावरच बघावं लागतं. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगलोरला इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० उतरताना इंजिनं आयडलवर होती, वेग उतरत गेला आणि ते फार उशिरा लक्षात आलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली.

ही गोष्ट भाच्याला सांितली, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मी म्हणालो, "लेका, तुझ्या थ्रॉटलला दुसरा साक्षीदार नाही. तो तूच. हात बघ, काटा बघ, दोघांचं पटतंय का बघ. मग स्वतःला शिव्या दे."

काल फोन आला होता. अजूनही विमान धाडकन आपटतंय म्हणे. :-) पण आवाजात पूर्वीचं रडगाणं नव्हतं.

"मामा, चुकतोय अजून. पण आता चूक माझीच हाय, हे तरी कळतंय."

असो. पाऊस थांबला की पुन्हा जाणार आहे. या वेळी सोल्डरिंग आयर्न घेऊनच.