नाच बाईचा, हिशेब कोणाचा?

आपल्या या कार्यक्रमात आपण कर्ज, व्याज, शेळीपालन, शिलाई मशीन यांबद्दल नेहमी बोलतो. आज आम्ही नाचाबद्दल बोलणार आहोत. आमच्या धरमपेठेत आज डान्स क्लासच्या पाट्या जागोजागी दिसतात. फुटाळा तलावाच्या काठावर मोबाईल उभा करून मुली नाचतात आणि व्हिडिओ टाकतात. तुमच्या गावात तेच अंगणात चालतं. गटाच्या बैठकीत आया आम्हाला विचारतात, "ताई, पोरीला नाचू द्यायचं का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं देण्याआधी, आपल्याकडे नाचणाऱ्या बाईचं आजवर काय झालं ते पाहू.

आपल्या विदर्भात दंडार आणि खडी गंमत खूप जुनी. पण त्यात बाईचा नाच करायचा तो लुगडं नेसलेला पुरुष. बाई पुढे आली ती तिकडे, पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशात. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री, असं मानलं जातं. ती दलित घरातली. तिच्यानंतर तमाशात आणि लावणीत ज्या बाया आल्या, त्या बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या. तिकीट काढून त्यांना बघायला सगळे यायचे, पण घरी पाणी विचारायला कोणी नाही.

त्याच काळात नाचाची दुसरी वाटही तयार होत होती. मुंबईत राहणाऱ्या लीला सोखी, म्हणजेच मादाम मेनका, यांनी कथक शिकून स्वतःची मंडळी उभी केली आणि १९३६ साली बर्लिनमध्ये बक्षिसं मिळवली. खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. दमयंती जोशी ही मराठी मुलगी त्यांच्याबरोबरच देशोदेशी नाचली आणि पुढे मोठी कलावंत झाली. १९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या मुली पायांत घुंगरू बांधू लागल्या. आज धरमपेठेतल्या क्लासमध्ये मुलगी बिनधास्त जाते, त्यामागे या बायांचे कष्ट आहेत.

पण बघा, याच सुमारास, स्वातंत्र्यानंतर लगेच, मुंबई राज्याच्या खेर सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. नंतर मजकूर तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं, म्हणून तो हुकूम इथला नव्हता. पण अर्थ सगळ्यांनाच कळला. एका बाईच्या नाचाला कला म्हटलं, दुसरीच्या नाचाला चाळे म्हटलं. फरक पायांत नव्हता. बाई कोणत्या घरातली, यावर ते ठरत होतं.

आता पैशाकडे येऊ, कारण हिशेब आपल्याला कळतो. तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगाव फिरतो. हंगामाआधी कलावंताला फडमालकाकडून 'उचल' मिळते. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींना हा शब्द सांगायला नको. आधी पैसा, मग वर्षभर पाय बांधलेले. मालकही सावकाराचं कर्ज काढूनच फड उभा करतो. संगीत बारीत प्रेक्षक दौलतजादा करतात, त्यातला हिस्सा थिएटरवाल्याला जातो.

काही बाया यातून मालकीण झाल्या. कांताबाई सातारकरांनी नवऱ्याच्या मागे स्वतःचा फड चालवला. विठाबाई नारायणगावकरांचाही स्वतःचा फड होता. त्यांची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. खेळ सुरू असताना त्या आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. त्यांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, पण शेवटचे दिवस हलाखीतच गेले. २००२ साली त्या वारल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. मैत्रिणींनो, मान उशिरा येतो, आणि मानाने औषधाचं बिल भरत नाही. फड नावावर असला तरी डोक्यावर कर्ज असेल आणि गाठीला बचत नसेल, तर म्हातारपण अवघडच जातं.

२००५ साली राज्याने परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट दिली. हजारो बायांचा रोजगार एका दिवसात गेला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी चुकीची ठरवली. काम गेल्यामुळे त्यातल्या कित्येकींवर देहविक्रयाची वेळ आली, हेही सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं. बाईच्या अब्रूसाठी म्हणून काढलेल्या कायद्याने तिची भाकरी काढून घेतली, आणि तिला विचारलं कोणीच नाही.

मग आला मोबाईल. २०२० च्या मार्चमध्ये, ऐन यात्रांच्या हंगामात, टाळेबंदी झाली. फड जागेवर बसले, कर्ज मात्र थांबलं नाही. लोक घरात बसून मोबाईलवर नाच बघू लागले. शेतातली, वीटभट्टीवरची बाईसुद्धा आता कोणाची परवानगी न घेता नाचू शकत होती. पण २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉक बंद केलं आणि अनेकींचे जमवलेले लाखो प्रेक्षक एका रात्रीत गेले. फडमालक निदान समोर तरी असायचा. या नव्या मंचाचा मालक कुठे बसतो, हेही आपल्याला ठाऊक नसतं.

म्हणून त्याचा हिशेब नीट समजून घ्या. यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला एक हजार सदस्य लागतात. शिवाय वर्षभरात चार हजार तास बघितलं जावं लागतं, किंवा छोटे व्हिडिओ असतील तर ९० दिवसांत एक कोटी वेळा. शंभर डॉलर जमल्यावर पैसा बँकेत येतो. कोणाच्या बँकेत? खातं भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल, तर ती नवी उचलच समजा. सिनेमाच्या गाण्यावर नाचलं, तर जाहिरातीचा पैसा बहुतेक वेळा गाण्याच्या मालकाकडे जातो. आपली भुलाबाईची गाणी मात्र कोणा एकाच्या मालकीची नाहीत. ती स्वतःच्या गळ्याने म्हणा आणि त्यांवर नाचा.

अब्रूची भीती खोटी नाही. २०२३ मध्ये एका लोकप्रिय लावणी नर्तकीचं कपडे बदलताना चोरून चित्रण झालं आणि ते पसरवलं गेलं. गुन्हा चित्रण करणाऱ्याचा होता, तरी लोक तिच्याच नाचाची चर्चा करत बसले. असं चित्रण करणं आणि पसरवणं, दोन्हीला शिक्षा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार करा, आणि त्या दिवशी गटाने पोरीसोबत जायचं.

तेव्हा पुढच्या बैठकीत पोरीलाच बोलवा. मोबाईलचा पासवर्ड कोणाकडे आहे? पैसा कोणाच्या खात्यात येतो? व्हिडिओ काढून टाकायचा असेल तर तो कोण काढणार? तिन्हीचं उत्तर "मी" असेल, तर नाचू द्या. नसेल, तर आधी बँकेत जाऊन तिच्या नावाने खातं उघडा आणि मग नाचू द्या. पवळाला, विठाबाईंना पाठीशी उभा राहणारा गट नव्हता. आपल्या पोरींना तो आहे.