कोंडा आणि बाळंतीण

कोहळी मालगुजारांनी बांधविलेल्या तलावांच्या आसऱ्याने वसलेल्या गोंदिया मुलखात गरोदर स्त्रीच्या वाट्याला उखळात सडलेला, कोंड्याचा अंश राखणारा तांदूळ, तलावातील मासळी आणि लाखोळीचे वरण येई. परंतु लोहमार्गाच्या जंक्शनाभोवती शहर वाढून भातगिरण्या गाजू लागल्या, तेव्हा तांदूळ शुभ्र झाला आणि कोंड्यातील ‘ब’ जीवनसत्त्वाने रजा घेतली. शुभ्रतेच्या प्रतिष्ठेपायी सत्त्व गमावण्याचा हा व्यवहार मला नेहमीच विलक्षण वाटतो! उकड्या तांदळाने मात्र काहीशी लाज राखली, कारण उकडताना ते सत्त्व दाण्याच्या गाभ्यात उतरते. पुढे बाळंतिणीसाठी शहरात बाई गंगाबाई महिला रुग्णालय झाले, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि २०१५ च्या अमृत आहार योजनेने आदिवासी गावांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत एक वेळचे चौरस ताट मांडले.