शरीराच्या तक्रारीतून मनाकडे

काळजीने पोटात गोळा येतो, भीतीने हातपाय गळतात, दुःखाने ऊर भरून येतो. मन आणि शरीर यांचे नाते आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे. मानसोपचारातही या नात्याचा उपयोग करून घेतला जातो.

कापसाचा जिल्हा असलेल्या यवतमाळमध्ये या उपचारपद्धतीला विशेष महत्त्व आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशभर चर्चेत आला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये यवतमाळचा समावेश होता. परंतु नापिकी आणि कर्जाचा ताण घेऊन आलेला रुग्ण डॉक्टरांना 'मी उदास आहे' असे क्वचितच सांगतो. डोके जड होणे, छातीत धडधडणे, झोप न लागणे, अंगात त्राण नसणे अशाच त्याच्या तक्रारी असतात.

ताण शरीरात कसा उतरतो?

धोका जाणवताच ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात. संकट टळले की शरीर पूर्ववत होते. कर्जाचे संकट मात्र महिनोन्‌महिने टळत नाही. शरीर सतत सज्ज राहते आणि त्यातून झोप, भूक व पचन बिघडते.

आधी शरीराची तपासणी

दुखण्याचे मूळ मनात आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. रक्तक्षय किंवा थायरॉइडच्या विकारातही थकवा व धडधड जाणवते. २०१७ च्या खरीप हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला. त्यामुळे वैद्यकीय तपासणी ही उपचाराची पहिली पायरी होय.

उपचाराचे स्वरूप

त्यानंतर समुपदेशक रुग्णाला त्रास केव्हा वाढतो व त्या वेळी मनात कोणते विचार येतात, याची नोंद ठेवण्यास सांगतात. संथ श्वसन आणि स्नायू क्रमाने ताणून सैल सोडण्याचा सराव करून घेतला जातो. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात अशा विश्रांत अवस्थेचा अभ्यास केला. तीत श्वास व हृदयाची गती मंदावते, असे त्यांना आढळले.

दुसरा भाग कृतीचा. उदास माणूस घराबाहेर पडणे, लोकांत मिसळणे बंद करतो आणि त्यामुळे अधिकच खचतो. त्याला रोजच्या छोट्या, जमण्याजोग्या कामांकडे परत आणले जाते. गोव्यातील 'संगत' संस्थेने ही पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली. डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत ती राबवली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवण्यात आला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य शासनाने २०१५ मध्ये यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीमार्फत तणावग्रस्त व्यक्ती शोधणे, हे त्याचे सूत्र होते.

मर्यादा

श्वसनाने कर्ज फिटत नाही की कापसाला भाव मिळत नाही. तीव्र नैराश्यात औषधांचीही गरज भासते आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. मात्र झोप परतली, धडधड थांबली की अडचणीवर विचार करण्याचे, मदत मागण्याचे बळ येते. उपचाराचे मोल तेथेच आहे.

गावाकडील आप्त फोनवर वारंवार अंगदुखी वा निद्रानाशाची तक्रार करीत असतील, तर औषधाबरोबरच त्यांच्या काळजीचीही विचारपूस करावी. जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी केल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास समुपदेशन मिळते.