बाटणे, बाटवणे आणि साक्ष देणे

एकोणिसाव्या शतकातील मराठी हिंदू समाजाने ख्रिस्ती धर्मांतरासाठी मुख्यतः दोन क्रियापदे वापरली : ‘बाटणे’ आणि ‘बाटवणे’. ‘तो बाटला’ या वाक्यात ‘तो’ व्याकरणदृष्ट्या कर्ता खरा, पण एखादे भांडे विटाळावे तितकेच त्याचे कर्तेपण. ‘त्याला बाटवला’ म्हटले की कर्तेपण पाद्र्याकडे जाते. धर्मांतर करणाऱ्या व्यक्तीने विचार केला, निवड केली, किंमत मोजली, या शक्यतेला दोन्ही रूपांत जागा नाही. मिशनऱ्यांच्या अहवालांतही फार वेगळे घडत नसे. तेथे व्यक्तीची नोंद बाप्तिस्म्याच्या तारखेने होई आणि श्रेय मिशनच्या खाती जमा होई. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्राची प्रेरणा या दुहेरी नाकारलेपणात शोधावी लागते. ‘मी कोण झालो आणि कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर प्रथमपुरुषी एकवचनात देणे, हेच ‘साक्ष’ या वाङ्मयप्रकाराचे प्रयोजन होय.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हा या प्रकाराचा मराठीतील आरंभीचा ठळक नमुना. १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींनी तो तीसेक वर्षांनंतर लिहिला. त्यातील ‘मी’ प्रामुख्याने वादपटू आहे. तो ग्रंथ वाचतो, शंका घेतो, तुलना करतो आणि निष्कर्षाला येतो; शीर्षकातील उजाडण्याची प्रतिमाही एकदिश प्रवासच सुचविते. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या बाबतीत मात्र ही एकदिशता टिकत नाही, आणि म्हणूनच त्या दोघी आत्मभानाच्या इतिहासात अधिक महत्त्वाच्या ठरतात.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यामागील कारणे एकजिनसी नव्हती. नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांचा युक्तिवाद त्यांना पटला होता. फुलहॅम येथे ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम त्यांनी पाहिले होते, आणि शोमरोनी स्त्रीच्या कथेतून त्या कामामागील प्रेरणा त्यांना उमगली होती. पण खरा संघर्ष बाप्तिस्म्यानंतर सुरू झाला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रकाशात आणला. त्यात रमाबाई त्रैक्याचा सिद्धान्त निमूट स्वीकारीत नाहीत. क्रुसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली तेव्हा भारतात आपण पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली आहेत, याची त्या आठवण देतात. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या पुराणिकाच्या घरात वाढली होती. शब्दाचा अधिकार कोणाकडे असतो, हे तिला कोणी शिकवावे लागत नव्हते!

१९०७ च्या इंग्रजी साक्षीत रमाबाई एक विलक्षण कबुली देतात : ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी. हा अनुभव त्या विल्यम हॅस्लम यांच्या आत्मकथनाच्या वाचनाशी जोडतात. तो साधारण १८९१ चा. म्हणजे बाप्तिस्मा आणि श्रद्धा यांच्यात सुमारे आठ वर्षांचे अंतर पडले. चर्चच्या नोंदवहीच्या लेखी रमाबाई १८८३ पासून ख्रिस्ती आहेत. स्वतःच्या लेखी त्या तेव्हा अजून वाटेतच होत्या. १८८९ मध्ये काढलेले शारदासदन हे याच मधल्या काळातील कार्य, हे लक्षात घेतले तर कार्याचे प्रयोजन श्रद्धेतून निघाले की श्रद्धा कार्यातून घडत गेली, याचा निवाडा सोपा राहात नाही. मला दुसरी शक्यता अधिक सबळ वाटते.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांचा तपशील ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि माझ्या मते त्या ग्रंथाचा गाभाही तोच. धर्मांतरित पतीशी नांदण्यास पत्नीने नकार दिल्यास विवाह रद्द करून घेण्याची तरतूद १८६६ च्या कायद्याने केली होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. लक्ष्मीबाई प्रथम पंढरपुरास नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे मुलाला घेऊन अहमदनगरास आल्या, आणि पतीच्या जवळ राहूनही त्यांनी आपली चूल निराळी ठेवली. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक त्यांनी लहानपणापासून सोसला होता, तरी ते सोवळे त्यांच्याही अंगात मुरलेले होते. अखेर प्रश्न उभा राहिला तो ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा नव्हे, जातीचा : जात देवाने केली की माणसाने? माणसाने, असे उत्तर मिळताच सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. पतीमागोमाग पत्नीही बाटली, हा लोकप्रवाद हा ग्रंथ वाचल्यावर टिकू शकत नाही. पतीच्या मागोमाग जायचे असते तर पाच वर्षे लागली नसती.

आपल्याकडील समीक्षेने ‘स्मृतिचित्रे’चे कौतुक विनोद, निरागसता आणि बोलभाषेचा गोडवा या गुणांसाठी मुबलक केले. त्यातील श्रद्धेचा धागा मात्र चरित्रातील एक अपघात मानून बाजूला ठेवला. विनोदाची लेखनसरणी येथे कोणते काम करते, हे त्यामुळे नजरेआड झाले. पदमनजी खंडन करतात, रमाबाई उलटतपासणी घेतात; लक्ष्मीबाई जुन्या ‘मी’कडे पाहून हसतात, पण तिला परके मानीत नाहीत. सोवळे पाळणारी मनकर्णिका आणि ख्रिस्ती लक्ष्मीबाई यांच्यात येथे तुटणे नाही. ‘बाटणे’ या शब्दात गृहीत धरलेली शुद्ध-अशुद्धाची रेघ या हसण्याने पुसली जाते; प्रतिवादाने ती उलट अधिक गडद झाली असती. ग्रंथाच्या नावात ‘साक्ष’ नसून ‘स्मृती’ आहे, हेही ध्यानात घ्यावे.

टिळकांनाही अखेर मिशनच्या चौकटीत राहवले नाही. १९१७ मध्ये ते तीतून बाहेर पडले, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना सामावणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी साताऱ्यात उभारला. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या काव्याचा बहुतांश भाग पुढे स्वतः रचला. तिकडे केडगावात रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. सर्वसामान्य बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२२ मध्ये त्या वारल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.