इराण्याची खुर्ची

मध्यंतरी घर लावून झालं आणि बसायला काहीतरी घ्यावं म्हणून आम्ही दोघं एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात गेलो. ओट्यापाशी दोन उंच स्टुलं, बाल्कनीत एक खुर्ची, एवढीच यादी. तिथल्या मुलाने 'मॉडर्न डिझायनर पीस' म्हणून जे पुढे केलं ते पाहून मला हसूच आलं. काळसर लाकूड, गोल बैठक, वाकवलेल्या दांड्याची पाठ... अहो, ही तर इराण्याची खुर्ची! निम्मं कॉलेज हिच्यावर बसून बनमस्का खाण्यात गेलं.

मॉडर्न म्हणावं तर हिचा जन्म १८५९ चा. मिखाएल थोनेट हा ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, १८४२ मध्ये मेटर्निखच्या बोलावण्यावरून व्हिएन्नाला आला. आधी तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक चिकटवून वाकवायचा. दिसायला झकास, पण माल उष्ण, दमट देशांत गेला की सरस सुटायचा. (मुंबईच्या पावसाळ्यात ज्यांचा सनमायका उकललाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.) मग त्याने सरसच टाकला आणि बीचचा अख्खा दांडा वाफवून वाकवायला घेतला. वाकवताना बाहेरच्या अंगाला ताण बसून लाकूड तडकतं, म्हणून त्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट आवळायची. पट्टी लाकडाला ताणू देत नाही, ते नुसतं आतून दाबलं जातं, आणि वाफवलेलं लाकूड दाब मुकाट सोसतं. १८५६ मध्ये पेटंट मिळालं, मोरावियात बीचच्या जंगलांजवळ कारखाना उभा राहिला, आणि तीन वर्षांनी आली ही १४ नंबरची खुर्ची.

सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. बास! एक घनमीटरच्या पेटीत सुट्या छत्तीस खुर्च्या मावायच्या, जहाजातून जगभर जायच्या. १९३० पर्यंत पाचेक कोटी खपल्या म्हणतात. १८६९ मध्ये पेटंट संपल्यावर नकलाही निघाल्या त्या वेगळ्याच. पुढे १९२५ मध्ये ल कोर्बुझिएने पॅरिसच्या प्रदर्शनात आपल्या नमुन्याच्या घरात थोनेटच्याच खुर्च्या मांडल्या. तेव्हा दुकानातला तो मुलगा अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

किंमत ऐकून आम्ही स्टुलं तेवढी घेतली. तीही पत्र्याची.

खुर्ची न घेण्याचं दुसरंही कारण होतं. आजोबांनी एक हॉटेल बंद पडताना अशीच एक खुर्ची आणली होती. ते गेल्यावर ती पुण्याच्या घरी माळ्यावर पडली, वेताची जाळी फाटलेली. आता ते घर रिकामं करायचंय, आणि भाऊ म्हणाला, भंगारात देतो, तुझ्या गाडीत मावणार आहे का ती?

परवा गेलो. बैठकीखाली लेबल शोधलं. कागदाचा नुसता डाग उरलाय. थोनेटची की नकलाकाराची, देव जाणे. स्क्रू मात्र अजून फिरत होते. अर्ध्या तासात सगळी सुटी झाली आणि डिकीत मावलीसुद्धा. स्क्रू आठच निघाले. उरलेले दोन शोधायला भाऊ पुन्हा माळ्यावर चढला. बाल्कनीत काही ठेवायची नाही, पाऊस लागेल. आधी वेत विणणारा शोधायला हवा.