लंगडा घोडा आणि साउथपोर्टचा समुद्र

घोड्यांच्या रेसमध्ये मला काडीचा रस नाही. आयुष्यात एक रुपया लावलेला नाही, आणि लावणारही नाही. पण रेड रमची गोष्ट वेगळी आहे, कारण ती रेसपेक्षा जास्त पायांची आणि पाण्याची गोष्ट आहे.

साल १९७२, महिना ऑगस्ट, गाव इंग्लंडमधलं डॉनकॅस्टर. तिथल्या लिलावात जिंजर मकेन नावाच्या माणसाने सात वर्षांचा एक घोडा ६,००० गिनींना घेतला. मकेन काही बडा ट्रेनर नव्हता. साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावात त्याचा जुन्या गाड्या विकायचा धंदा होता, टॅक्सीही चालवायचा, आणि शोरूमच्या मागच्या अंगणात त्याचा तबेला! घोड्याचे पैसेही त्याचे नव्हते. त्याच्या टॅक्सीत नेहमी बसणारे नोएल ल मेअर नावाचे पंचाऐंशीच्या घरातले एक श्रीमंत आजोबा होते, पैसे त्यांचे. ग्रँड नॅशनल जिंकायची हे त्यांचं जुनं स्वप्न.

ग्रँड नॅशनल म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावरची रेस (हे गावाचं नाव आहे, आपली 'एन्ट्री' नव्हे). तेव्हा ती जवळजवळ सव्वासात किलोमीटरची होती आणि वाटेत ३० उड्या. धडधाकट घोडेसुद्धा तिथे आडवे होतात.

आता गंमत बघा. घोडा घरी आणला, पहिल्याच सकाळी वाळूवर दुडक्या चालीने सोडला, तर हा चक्क लंगडतोय! त्याला पेडल ऑस्टायटिस होता, म्हणजे खुराच्या आतल्या हाडाला आलेली सूज. मकेनला घेताना याची कल्पना नव्हती. रेसच्या घोड्याचं करिअर या दुखण्याने संपू शकतं, आणि करिअर संपलेल्या घोड्याचं त्या काळी पुढे काय व्हायचं ते सांगायला नको. म्हाताऱ्याचे ६,००० पाण्यात गेले, असंच कोणीही म्हटलं असतं.

मकेनने घोडाच पाण्यात घातला.

हे त्याला कुठून सुचलं? साउथपोर्टचा किनारा सपाट आणि अफाट रुंद, ओहोटीला पाणी पार लांब जातं. तिथले कोळी घोडागाडी थेट पाण्यात नेऊन, मागे जाळं ओढत कोलंबी धरायचे. अधू पायांची घोडी या कामाला जुंपली की काही काळाने सरळ चालायला लागतात, हे मकेनने लहानपणापासून पाहिलेलं. ना कुठला शोधनिबंध, ना डॉक्टरची चिठ्ठी. रेड रमला थंड पाण्यात चालवून बाहेर काढलं तेव्हा त्याचं लंगडणं गेलं होतं. मग तोच नेम झाला, वाळूवर रपेट आणि समुद्रात पाय. त्या हिवाळ्याच्या तोंडावर पठ्ठ्याने लागोपाठ पाच रेस मारल्या.

आता थोडं शरीरशास्त्र, कंटाळू नका. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाडं, टेंडन आणि खूर, बस्स. पाचशे किलोचं धूड या काड्यांवर पळतं. भरधाव पळताना टेंडनच्या आतलं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं, हे १९९० च्या दशकात प्रत्यक्ष मोजलं गेलं. थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज रोखली जाते, वेदना बोथट होते. पाण्याचा दाब बाहेरून पट्टी बांधल्यासारखं काम करतो, खारं पाणी सुजेतला ओलावा थोडाफार ओढून घेतं, आणि पाणी खोल असेल तर घोड्याचं वजनही तोललं जातं.

मग रेड रमला यातल्या नेमक्या कशाने बरं केलं? की दगडी रस्त्याऐवजी मऊ वाळूवर पळाल्याने? आमच्याकडे एकाच रिलीजमध्ये पाच बदल जातात आणि बग गायब होतो, तेव्हा कोणालाच विचारायचं नसतं की नेमकं काय लागू पडलं. तसलाच प्रकार :-) माझं मत विचाराल तर वाळूला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही. खुराच्या हाडाचं दुखणं आदळआपटीने वाढतं, आणि ओली वाळू तीच कमी करते. पण समुद्राची गोष्ट सांगायला जास्त छान वाटते ना!

बरं, पाण्याबद्दल जाणकारांचं पहिल्यापासून एकमत होतं असंही नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक झेनोफोनने घोडदौडीवर पुस्तक लिहिलं, त्यात तो घोड्याचे पाय धुवूच नका म्हणतो, रोज भिजून खूर खराब होतात म्हणून. तेही खोटं नाही. शिवाय गारठ्याने वेदना दबते हा फायदा आहे तसा धोकाही आहे. दुखत नाही म्हणून घोडा पळतो, आणि आतली इजा वाढत जाते.

असो. ३१ मार्च १९७३. क्रिस्प नावाचा ऑस्ट्रेलियन घोडा, रेड रमपेक्षा २३ पौंड जास्त वजन पाठीवर घेऊन, पहिल्यापासून सगळ्यांच्या मैलभर पुढे. शेवटची उडी झाली तरी पुढेच. अखेरच्या सरळ पट्ट्यात त्याचे पाय जड झाले आणि रेड रमने त्याला अगदी खांबाजवळ गाठलं. पाऊण लांबीने जिंकला. वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद, १९३४ चा विक्रम १८ सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. (मला क्रिस्पचंच वाईट वाटतं. यूट्यूबवर बघा, तुम्हालाही वाटेल.) पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, या वेळी सर्वांत जास्त वजन त्याच्याच पाठीवर. १९७५ आणि १९७६ ला दुसरा. १९७७ ला, बाराव्या वर्षी, २५ लांबींनी पहिला. तीनदा ही रेस जिंकणारा दुसरा घोडा अजून झालेला नाही. पाच वर्षांत दीडशे उड्या, आणि एकदाही पडला नाही. ज्या पायांवर पहिल्या सकाळी उभं राहणं मुश्कील, ते हे पाय!

थंडाव्याला प्रयोगशाळेचा भक्कम आधार मिळाला तो बराच नंतर, आणि वेगळ्याच दुखण्यात. लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आतलं हाड धरून ठेवणारे पापुद्रे सुटायला लागतात आणि घोडा अक्षरशः उभ्या उभ्या खचतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या व्हॅन एप्स आणि पॉलिट यांनी २००४ मध्ये दाखवलं की दुखणं सुरू व्हायच्या आधीपासून पाय सलग दोन दिवस बर्फाच्या पाण्यात ठेवला तर ते बऱ्याच अंशी टळतं. आपण पाच मिनिटांत बोंब मारू, घोडा मात्र शांत उभा राहतो. आता तर घोड्यांसाठी स्पा मिळतात. स्टीलची पेटी, गुडघ्यापर्यंत थंडगार खारं पाणी, वर बुडबुडे. म्हणजे साउथपोर्टचा समुद्रच, फक्त विजेच्या बिलासकट.

१९७८ च्या रेसच्या आदल्या दिवशी रेड रमच्या पायाच्या हाडाला बारीक तडा गेल्याचं निघालं. त्यावर समुद्राचा इलाज नव्हता. मकेनने त्याच दिवशी त्याला निवृत्त केलं. पुढे सतरा वर्षं तो दुकानांची उद्घाटनं करत, लोकांकडून लाड करून घेत जगला. १८ ऑक्टोबर १९९५ ला गेला, तिसाव्या वर्षी. एन्ट्रीच्या मैदानावर, विजयाच्या खांबाशीच त्याला पुरलं आहे.