अंगणात आलेली शाळा

अंगण म्हटले की आम्हा कवींना चांदणे आठवते. ताराबाई मोडकांना तिथे शाळा दिसली. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. पण गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. मोठी मुले गुरे राखत, धाकट्यांना सांभाळत. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, अंगणवाडी झाली. महागडी साधने नव्हती. शिंपले, बिया, पाने होती. शिंपले लहानमोठे लावता लावता मूल मोजायला शिकते, पानांची नावे सांगताना बोलू लागते, गाण्यात मिसळले की बुजणे जाते. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर पोचला. पण खिचडी वाटली की अंगणवाडी झाली, असे आपण अनेकदा धरून चालतो. पोट भरायलाच हवे. शिंपलेही हवेत.